दोन आगींचा रंग : सोन्याचे कण, हुनर आणि इल्म

सोन्याचा रंग कोणता, असे विचारले तर कुणीही पिवळा म्हणेल. पण कोरोनाच्या काळात रॅपिड टेस्टच्या पट्टीवर जी लालसर रेघ उमटत असे, ती बऱ्याच किटमध्ये सोन्याची होती. मलेरियाच्या आणि गरोदरपणाच्या अनेक तपासणी पट्ट्यांतही हेच सोने असते. त्यात वेगळी शाई घातलेली नसते. सोन्याचे कण पुरेसे बारीक केले, की ते पिवळे राहत नाहीत, लाल दिसू लागतात. पाण्यात तरंगणारे हे कण एकमेकांना चिकटले, तर लाल रंग जांभळा आणि मग निळा होतो. रंगाच्या या बदलावरून पाण्यातले शिसे, पारा किंवा दुधातली भेसळ ओळखण्याच्या पद्धती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तयार झाल्या आहेत.

या गोष्टीचा इतिहास लांबलचक आहे आणि त्यातले एक मोठे प्रकरण इराक, मिसर आणि इराणच्या कुंभारांचे आहे. त्यामुळे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत अधूनमधून एक मजकूर फिरतो. बाराशे वर्षांपूर्वीच मुसलमानांनी नॅनो तंत्रज्ञान शोधले होते, असा त्याचा आशय असतो. खाली माशाअल्लाहची रांग लागते. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, रसायनशास्त्र नव्हे. पण भाषेच्या शिक्षकाला शब्द तपासायची सवय असते. या मजकुरातल्या ‘शोधले’ या शब्दापाशी मी थांबलो. एखादी वस्तू घडवणे आणि ती तशी का घडते हे उमगणे, या दोन्हींना आपण ‘शोध’ म्हणतो. उर्दूत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत : हुनर आणि इल्म. या दोन शब्दांमधले अंतर किती मोठे असू शकते, हे सोन्याच्या कणांच्या इतिहासातून फार स्पष्ट दिसते.

सोने नसलेली सोनेरी भांडी

नवव्या शतकात, अब्बासी खिलाफतीच्या काळात, इराकच्या कुंभारांनी मातीच्या भांड्यांवर धातूसारखी चकाकी आणण्याची रीत बसवली. समारा या अब्बासी राजधानीच्या उत्खननात असे तुकडे सापडले आहेत. ट्युनिशियातल्या कैरवानच्या जामा मशिदीत मिहराबभोवती बसवलेल्या चकाकत्या फरशा त्याच शतकातल्या आहेत आणि आजही जागेवर आहेत. इंग्रजीत या कामाला लस्टरवेअर म्हणतात. फारसीत त्याला जरीनफाम, म्हणजे सोनेरी रंगाचे, असा शब्द आहे.

मातीच्या आधी ही रीत काचेवर वापरली गेली. कैरोजवळच्या फुस्तातमध्ये सापडलेल्या एका काचेच्या पेल्यावर अब्दुस्समद इब्न अली या सुभेदाराचे नाव आहे. तो इ.स. ७७३ मध्ये मिसरचा सुभेदार होता. म्हणजे काचकारागिरांचे हुनर पुढे कुंभारांनी उचलले.

कृती अशी होती. आधी भांडे भाजून त्यावर कथिल मिसळलेला पांढरा काचलेप चढवायचा आणि ते पुन्हा पक्के भाजायचे. मग चांदी आणि तांब्याची संयुगे गेरूसारख्या मातीत आणि शिरक्यात कालवून त्या लेपाने नक्षी काढायची. त्यानंतर भांडे दुसऱ्या, खास बांधलेल्या भट्टीत ठेवायचे. या भट्टीची आच कमी, साधारण ६०० अंश सेल्सियसच्या आसपास. हवेची वाट अडवायची आणि सरपण असे घालायचे की भट्टी धुराने कोंदली पाहिजे. थंड झाल्यावर भांड्यावर जळकी माती चिकटलेली असते. ती चोळून काढली की खाली सोनेरी, तांबूस किंवा हिरवट झाक असलेली नक्षी उघडी पडते.

आत काय घडत होते, हे आज सांगता येते. लेपातली चांदी आणि तांबे काचेत शिरत आणि काचेतल्या सोडियम-पोटॅशियमची जागा घेत. कोंदलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यांच्यातला ऑक्सिजन ओढून घेई. उरलेल्या शुद्ध धातूचे कण काचेच्या पृष्ठभागाखाली पातळ थरात जमत. हे कण साधारण ५ ते २० नॅनोमीटरचे असतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराचा अंदाज यावा. विसाव्या शतकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या भांड्यांचे तुकडे ठेवले गेले, तेव्हा हे कण डोळ्यांना दिसले.

यात गंमत अशी, की या ‘सोनेरी’ भांड्यांत सोने नव्हतेच. चकाकी चांदी-तांब्याच्या कणांची होती. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणेपिणे हदीसने मना केले आहे. त्यामुळे श्रीमंतांच्या दस्तरख्वानासाठी सोन्यासारखी दिसणारी मातीची भांडी पुढे आली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. ते पूर्ण खरे असो वा नसो, कुंभाराच्या दृष्टीने काम अवघड होते. धूर कमी पडला तर झाक येत नाही, जास्त झाला तर भांडे काळवंडते. त्याच्याकडे तापमापक नव्हता. नजर, धुराचा वास आणि बापाकडून मिळालेला अंदाज, एवढीच त्याची साधने होती.

एक शहर, दोन गल्ल्या

दहाव्या शतकाच्या अखेरीस हे हुनर फातिमी खलिफांच्या मिसरमध्ये बहरले होते. फुस्तातच्या भट्ट्यांतून निघालेल्या भांड्यांवर मुस्लिम इब्न अल-दह्हान या कारागिराची सही आजही वाचता येते. खलिफा अल-हाकिमचा तो काळ. त्याच काळात कैरोत आणखी एक माणूस काम करत होता : इब्न अल-हैथम.

प्रकाशाविषयी त्या वेळच्या जगात सर्वांत खोल समज कुणाला असेल, तर ती त्याला. डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला स्पर्श करतात, ही युनानी कल्पना त्याने ‘किताब अल-मनाजिर’मध्ये खोडून काढली. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्याने अंधाऱ्या खोल्या, भोके आणि दिवे वापरून दाखवले. कोणतेही म्हणणे प्रयोगाने पारखून घ्यावे, हा आग्रह त्याच्या लिखाणात सर्वत्र आहे.

म्हणजे त्या काळी कैरो-फुस्तातच्या परिसरात प्रकाशाचा सर्वांत मोठा आलिमही होता आणि प्रकाशाशी सर्वांत नाजूक खेळ करणारे कुंभारही होते. अंतर काही कोसांचेच. पण ‘किताब अल-मनाजिर’चे विषय दृष्टी, आरशावरून परतणारा प्रकाश आणि पाण्यात-काचेत वाकणारा प्रकाश हे आहेत. भट्टीतून निघालेले भांडे एका बाजूने सोनेरी आणि दुसऱ्या बाजूने निळसर का दिसते, हा प्रश्न त्यात नाही. कुंभाराने तो प्रश्न लिहून ठेवण्याचे कारण नव्हते आणि आलिमाने भट्टीपाशी जाण्याचा रिवाज नव्हता.

इथे अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की ते दोघे भेटले असते तरी उत्तर सापडले नसते. या रंगाचे कारण इलेक्ट्रॉनमध्ये आहे आणि इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. पण उत्तर नसले तरी प्रश्न नोंदवता आला असता. नोंदवलेला प्रश्न पुढच्या पिढीला मिळतो. मनात राहिलेला प्रश्न माणसाबरोबर कबरीत जातो.

काशानचा अबुल कासिम

या इतिहासात एक माणूस मात्र दोन्ही गल्ल्यांत वावरला. इराणमधले काशान हे बाराव्या-तेराव्या शतकात जरीनफामचे मोठे केंद्र होते. मशिदी आणि दर्गे सजवणाऱ्या फरशांसाठी ते इतके प्रसिद्ध झाले, की अशा फरशीलाच ‘काशी’ म्हणू लागले. उर्दूतला काशीकारी हा शब्द तिथून आला. आपल्या दख्खनमध्ये बीदरला महमूद गवानच्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांचे जे अवशेष आहेत, ते याच काशीकारीच्या परंपरेतले. ते जरीनफाम मात्र नव्हेत.

काशानमध्ये अबू ताहिर नावाचे कुंभारांचे नामांकित घराणे होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी मिहराब आणि फरशा घडवल्या. या घराण्यातला अबुल कासिम भट्टी सोडून कलम हाती घेतो आणि इल्खानी दरबारात इतिहासकार होतो. त्याचा भाऊ यूसुफ मात्र कुंभारकामातच राहिला. हिजरी ७०० मध्ये, म्हणजे इ.स. १३०१ च्या सुमारास, अबुल कासिमने रत्ने आणि सुगंधी द्रव्ये यांवर एक फारसी ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटी त्याने काशीकारीचे एक प्रकरण जोडले. कोणता दगड कुठून आणायचा, काच कशी वितळवायची, कोणत्या रंगासाठी काय किती घ्यायचे आणि दुसऱ्या भट्टीत तीन दिवस मंद धूर कसा द्यायचा, हे सगळे त्याने मोजमापासह लिहिले.

या कामाला तो ‘दो आतशी’, म्हणजे दोन आगींचे, म्हणतो. उर्दू वाचकाला ‘दो आतशा’ हा शब्द ओळखीचा वाटेल. दोनदा गाळलेल्या अर्काला किंवा दुप्पट तेज झालेल्या गोष्टीला आपण दो आतशा म्हणतो.

हुनर घराण्यात दडवून ठेवायचे, बाहेर फुटू द्यायचे नाही, हा त्या काळचा सर्व देशांतला कायदाच होता. त्यावरच पोट होते, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. पण त्याचा परिणामही पाहावा लागतो. चौदाव्या शतकाच्या मध्यावर काशानचे हे काम मंदावले आणि पुढे फार थोडे उरले. तिथल्या कुंभारांच्या पद्धतीविषयी आज आपण जे खात्रीने बोलतो, त्यातला मोठा भाग अबुल कासिमच्या त्या काही पानांमुळे. भावाने घडवलेल्या फरशा संग्रहालयांत आहेत. त्या कशा घडल्या, हे मात्र अबुल कासिममुळे कळते. दोघेही लागतात.

पहिले कोण, हा प्रश्न

मग आपण पहिले होतो का? धातूचे इतके बारीक कण काचेत आणण्यात नव्हतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन प्याला आहे. लायकर्गस कप या नावाने तो ओळखला जातो. बाहेरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला तर लाल. त्याच्या काचेत चांदी आणि सोन्याच्या मिश्रधातूचे साधारण ५० ते १०० नॅनोमीटरचे कण आहेत. रोमन कारागिरालाही हे ठाऊक असणे शक्य नव्हते.

आपल्याकडे मृत्पात्रांवरची चकाकी इराकमध्ये सुरू झाली, ती पुढे अंदलुसमधल्या मालागाला गेली, तिथून व्हॅलेन्सियाजवळच्या मानिसेसला आणि इटलीतल्या देरूता-गुब्बियोला पोहोचली, हे निर्विवाद आहे. हे श्रेय भरभक्कम आहे, त्याला फुगवण्याची गरज नाही. फुगवण्याचा हा रोग एकट्या आपला नाही. पुराणातल्या विमानांपासून भस्मांपर्यंत सगळीकडे तो दिसतो. दुसऱ्याच्या फॉरवर्डला हसायचे आणि आपल्या फॉरवर्डला सलाम करायचा, हे मात्र बरोबर नाही.

लोहाराचा मुलगा विचारतो

रंगाचे कारण विचारण्याचे काम १८५६-५७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. विचारणारा मायकेल फॅरडे. बाप लोहार, स्वतः सात वर्षे पुस्तके बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला, औपचारिक शिक्षण जेमतेम. माणूस अत्यंत धार्मिक, एका छोट्या ख्रिस्ती पंथाचा निष्ठावान सदस्य. म्हणजे हुनर त्याच्या हातात होते, श्रद्धा मनात होती आणि प्रश्न विचारण्यात या दोन्हींपैकी कशाचीही अडचण त्याला वाटली नाही.

सोन्याचा वर्ख पिवळा दिसतो, पण तोच वर्ख उजेडासमोर धरला तर पलीकडचा प्रकाश हिरवट दिसतो. फॅरडेने इथून सुरुवात केली. मग सोन्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणात फॉस्फरस वापरून त्याने धातूरूप सोने मोकळे केले. पाणी माणकासारखे लाल झाले. हा रंग कुठल्या विरघळलेल्या पदार्थाचा नाही, पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, असे त्याने मांडले. पुरावा म्हणून त्याने त्या पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडला. झरोक्यातल्या उन्हात धूळ दिसते तसा तो झोत पाण्यात उजळून दिसला. विरघळलेल्या पदार्थात तसे होत नाही.

त्याचे आणखी एक निरीक्षण आपल्या विषयासाठी सर्वांत मोलाचे आहे. लाल पाण्यात साधे मीठ टाकले, तर ते निळे पडते. सोने तेच, प्रमाण तेच, फक्त मीठ आले आणि रंगाने ते सांगितले. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी त्याने हे काम रॉयल सोसायटीपुढे वाचले. त्याच्या काही बाटल्या अजून जपलेल्या आहेत आणि त्यांतले पाणी अजून लाल आहे.

फॅरडेलाही कारण पुरते सापडले नाही. ते मिळायला आणखी पन्नास वर्षे गेली. १९०८ मध्ये जर्मन पदार्थवैज्ञानिक गुस्ताव मी याने गणिताने दाखवले, की एवढ्या लहान गोलकावर प्रकाश पडला की कोणता रंग शोषला जाईल आणि कोणता विखुरला जाईल. सोप्या शब्दांत सांगायचे, तर धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसे ठरावीक रंगाच्या प्रकाशाने कणातले इलेक्ट्रॉन एकदम झुलू लागतात आणि तो रंग गिळून टाकतात. दहा-वीस नॅनोमीटरचा सोन्याचा कण हिरवा प्रकाश गिळतो, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. कण एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांचे झोके एकमेकांत गुंततात. मग ते हिरव्याऐवजी पिवळा-तांबडा प्रकाश गिळतात आणि पाणी निळे दिसते.

मीठ नेमके हेच घडवते. कणांवर सारखाच ऋण भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत असतात. मिठातले आयन त्या भारावर पडदा टाकतात. दूर लोटणे थांबते आणि कण चिकटतात.

रंगाची साक्ष

एखादी गोष्ट समजली की तिच्याकडून काम करून घेता येते. रिखार्ड झिग्मोंडी याला असे दिसले, की द्रावणात थोडे प्रथिन असेल तर मीठ टाकूनही लाल रंग टिकतो, कारण प्रथिन कणांभोवती कवच करते. कोणते प्रथिन किती संरक्षण देते, हे त्याने मोजले. हे कण पाहण्यासाठी त्याने सहकाऱ्याबरोबर अतिसूक्ष्मदर्शक बांधला आणि १९२५ च्या नोबेल पुरस्काराचा तो मानकरी ठरला. त्याच धाग्यावर १९१२ मध्ये कार्ल लांगे या जर्मन डॉक्टरने पाठीच्या कण्यातले पाणी सोन्याच्या लाल द्रावणात घालून पाहिले. ओळीने मांडलेल्या नळ्यांत रंग कुठे आणि कसा बदलतो, यावरून मेंदूपर्यंत पोहोचलेला उपदंश ओळखता येऊ लागला. सोन्याच्या कणांनी रोगाची साक्ष दिल्याचे हे सुरुवातीचे ठळक उदाहरण.

आजच्या पद्धतींचे दार १९९६ मध्ये उघडले. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिर्किन आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांवर डीएनएचे छोटे धागे चिकटवले. या धाग्यांना जोडणारा नेमका दुसरा धागा द्रावणात आला तरच कण एकमेकांजवळ ओढले जातात आणि लालाचे निळे-जांभळे होते. द्रावण तापवले की जोड सुटतो आणि पुन्हा लाल. मीठ कुणालाही एकत्र आणते. इथे मात्र ठरावीक रेणूच आणतो. सगळा फरक या निवडीत आहे.

पुढची वाटचाल वेगाने झाली. २००३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यी लू आणि जुएवेन लिऊ यांनी शिशासाठी अशी रचना केली, की एकत्र बांधलेले निळे कण शिसे आल्यावर सुटे राहावेत आणि रंग लाल दिसावा. त्यांनी वापरलेला डीएनए शिशाच्या मदतीने स्वतःचाच जोड कापतो. २००७ मध्ये मिर्किन यांच्या गटाने पाऱ्यासाठी पद्धत दिली. डीएनएमधल्या थायमिन या घटकाच्या दोन रेणूंमध्ये पारा नेमका अडकून बसतो, या गुणाचा त्यांनी उपयोग केला.

२००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. प्रथिनांचे प्रमाण जास्त दिसावे म्हणून हे रसायन घातले जात होते. सहा तान्ह्या मुलांचा जीव गेला, सुमारे तीन लाख मुले बाधित झाली. पुढच्याच वर्षी चिनी संशोधकांनी सोन्याच्या कणांवर मेलामाइनला धरून ठेवणारा रेणू बसवला. मेलामाइन कणांना एकत्र ओढते, लाल द्रावण निळे होते आणि मोठ्या यंत्राशिवाय डोळ्यांना भेसळ दिसते.

रॅपिड टेस्टच्या पट्टीचे काम थोडे वेगळे आहे. तिथे रंग बदलत नाही. विषाणूचे प्रथिन पकडणारे लाल कण पट्टीवर एका रेषेत अडतात आणि साठतात. साठले की रेघ दिसते. प्रथिन नसेल तर कण पुढे निघून जातात.

रोमन प्यालाही या गोष्टीत परत येतो. कणाभोवतीचा द्रव बदलला तरी रंग थोडा सरकतो. मूळ प्याल्यात वेगवेगळे द्रव ओतून पाहणे शक्य नव्हते. म्हणून इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी प्लास्टिकच्या पट्टीवर कोट्यवधी सूक्ष्म खळगे करून त्यांवर सोन्या-चांदीचा थर दिला आणि पाणी, तेल, मिठाची द्रावणे घालून पाहिली. प्रत्येकाने वेगळा रंग दाखवला. २०१३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

मर्यादाही सांगायला हव्यात. प्रयोगशाळेतले शुद्ध पाणी आणि बोअरवेलचे पाणी यांत फरक आहे. जड पाण्यातले क्षार स्वतःच कणांना चिकटवतात आणि विष नसतानाही निळा रंग येऊ शकतो. दुधातली चरबी आणि प्रथिने आधी बाजूला काढावी लागतात. म्हणून शोधनिबंधातली प्रत्येक पद्धत बाजारातली पट्टी होत नाही. कुणी लाल पाण्याची बाटली विकायला आणून सगळे विष ओळखते असे म्हणाला, तर त्याला हेच प्रश्न विचारावेत.

पुण्यातला गवती चहा

या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचे नावही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २००० नंतरच्या वर्षांत मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांच्या गटाने जिवंत सृष्टीकडून धातूचे कण करून घेण्याचे काम केले. २००३ मध्ये त्यांनी एका बुरशीकडून चांदीचे कण करवून घेतले. त्या शोधनिबंधावर पहिले नाव अबसार अहमद यांचे आहे. २००४ मध्ये त्यांनी गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षारात घातला आणि चक्क त्रिकोणी कण मिळवले. ‘नेचर मटेरियल्स’ या नामांकित नियतकालिकात ते छापून आले. आकार बदलला की गिळला जाणारा प्रकाशही बदलतो, त्यामुळे या त्रिकोणांना वेगळे महत्त्व होते.

त्या निबंधावरची नावे वाचावीत : शंकर, राय, अंकमवार, सिंग, अहमद, शास्त्री. कुणी पहिले होते म्हणून त्यांचे काम मोठे ठरत नाही. त्यांनी कृती लिहिली, कण मोजले, चित्रे छापली आणि जगातल्या कुणालाही ते पुन्हा करून पाहता येईल असे ठेवले. अबुल कासिमने सातशे वर्षांपूर्वी घराण्याच्या भट्टीबाबत जे केले, त्याच्याशी याचे नाते आहे. फॉरवर्डमध्ये जायला लायक काही असेल, तर ते हे.

मग घ्यायचे काय?

आपल्या मुलांना इस्लामी जगताच्या वैज्ञानिक परंपरेचा अभिमान वाटावा, असे मलाही वाटते. आजच्या वातावरणात, जिथे या देशाच्या घडणीत तुमचे काय, असे त्यांना उठता बसता विचारले जाते, तिथे ही गरज खरी आहे. पण खोट्या मापाचा अभिमान वर्गातल्या पहिल्या उलट प्रश्नाला कोसळतो. आणि कोसळताना खरे श्रेयही घेऊन जातो. ज्या मुलाला ‘आपण नॅनो तंत्रज्ञान शोधले’ एवढेच सांगितले, त्याला पुढे शिकायचे कारण उरत नाही, कारण सगळे आधीच झालेले असते. ज्याला सांगितले, की आपल्या कुंभारांनी रंग साधला, आपल्याच शहरातल्या आलिमाने प्रकाश अभ्यासला आणि तरी हे दोघे एकमेकांपासून दूर राहिले, त्याच्यापुढे एक काम उभे राहते.

ते काम आजही शिल्लक आहे. बीदरचा बिदरी कारागीर जस्ताच्या भांड्यावर चांदीची तार बसवतो आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांडे त्यात बुडवतो. जस्त काळेभोर होते, चांदी पांढरीच राहते. कोणती माती चालेल हे त्याला अनुभवाने कळते. मिरजेचे शिकलगार भोपळ्याच्या सालीवर बोट वाजवून त्यातून कसा तंबोरा निघेल ते सांगतात. मालेगावच्या जुन्या विणकराला धाग्याचा ताण हाताला कळतो. हे सगळे हुनर आहे आणि त्यातले बरेचसे कुठेही लिहिलेले नाही. आपण मुशायऱ्यात शायरांना पुढे बसवतो, जलशात आलिमांना फुले देतो. कारागीर मागच्या रांगेत असतो आणि त्याच्या मुलाने निराळे काही शिकावे, अशी त्याचीच इच्छा असते.

मुलाने जरूर शिकावे, रसायनशास्त्रच शिकावे. पण जाण्यापूर्वी एकदा बापाच्या भट्टीपाशी वही घेऊन बसावे. काय किती घालता, आच कशावरून ओळखता, बिघडते तेव्हा कसे बिघडते, हे विचारून लिहून काढावे. भाषा दख्खनी असो, उर्दू असो की मराठी, हरकत नाही. या ब्लॉगच्या वाचकांपैकी कुणाच्या घरात असा जाणता हात असेल, तर ही वही या महिन्यातच सुरू करा. शाळेतली मुले हे काम फार चांगले करतात. त्यांना प्रश्न विचारायची लाज वाटत नाही.